सासूबाईंचं नाक आणि बॉक्सची बारा झाडं

पत्र:

"गेल्या वर्षी मे-जूनमध्ये मुलाकडे इंग्लंडात स्विंडनला राहून आले. तिथे घराघरांपुढे बॉक्सची झुडपं होती. कुणी चेंडूसारखी गोल कापलेली, कुणी भिंतीसारखी सरळ. फार आवडली. परत आल्यावर दिवाळीनंतर ऑनलाइन 'बॉक्सवुड' म्हणून बारा रोपं मागवली. दहा तुळशीवृंदावनाभोवती, चौथऱ्यापासून वीतभर सोडून गोल लावली. दोन जरा वेगळी दिसत होती, ती सोप्याच्या पायऱ्यांवर कुंड्यांत ठेवली. बॉक्सला चुना मानवतो असं एका व्हिडिओत पाहिलं, म्हणून वृंदावनाकडच्या प्रत्येक रोपाला दोन ओंजळी चुना घातला. मुलाच्या शेजाऱ्यांनी बजावलं होतं, कापणी जूनच्या पहिल्या शनिवारी. म्हणून यंदा त्या दिवशी मिस्टरांनी कातर घेऊन सगळी गोल केली. दोनच दिवसांत पाऊस सुरू झाला तो आजतागायत.

आता वृंदावनाभोवतीची रोपं पिवळी पडलीत. कापलेली टोकं काळी झालीत. कोवळा पाला मुडपतो आणि त्यावर पांढरी दोऱ्यासारखी घाण दिसते. कुंडीतल्या दोघांची पानं खालून गळतात. त्यात सासूबाई (वय 84) म्हणतात, 'ही तुझी बॉक्स नव्हे गो, कुंती ती. रात्री वास आला मला.' खरंच एका रोपाला चार पांढरी फुलं आली होती. मिस्टर म्हणतात, आईला आता नीट दिसत नाही, ती काहीही बोलते. पाकिटातून दोन्हीकडची पानं पाठवते आहे. चवथीला सगळं घर गोळा होणार. तोवर काय करू?

एक वाचक, डिचोली"

ताई,

मिस्टरांना सांगा, आईचे डोळे अधू झाले असतील, नाक मात्र शाबूत आहे. तुमची दहा रोपं कुंतीचीच आहेत.

तुमचं पाकीट उघडलं तेव्हा पावसामुळे पानं जरा चिंबलेलीच होती. वृंदावनाकडचं म्हणून जे पाठवलंत ते एक पान नाही, पानाचा तुकडा आहे. कढीपत्त्याची डहाळी कशी असते? मधे शीर आणि दोन्ही बाजूंनी पानुल्या, जरा पुढेमागे लागलेल्या, टोकाकडची सगळ्यात मोठी. तसंच हे. तुम्ही ज्याला पान म्हणता ती त्यातली एक पानुली. ती उजेडाकडे धरली तर सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. ते तेलाचे कण. लिंबाचं पान धरून बघा, तेच दिसेल, कारण कुंती लिंबाच्याच कुळातली. बोटांत चुरली तर वासही लिंबाकडे झुकणारा. पाच दिवस पाकिटात राहूनही तो थोडा उरला होता.

कुंडीतलं पान अगदी वेगळं निघालं. जाडसर, चामड्यासारखं, नखाएवढं, टोकाला किंचित खाच पडलेलं. डहाळीवर दोन-दोन पानं बरोबर समोरासमोर. कोवळी डहाळी बोटांत फिरवली तर गोल न लागता चौकोनी लागते, कडा जाणवतात. हा खरा बॉक्स. वास घेतलात का कधी? ऊन पडल्यावर ओल्या बॉक्सजवळ उभं राहिलं की मांजराने कुठेतरी घाण केली असावी असा संशय येतो. विलायतेत काही लोकांना हा वास आवडतो म्हणे. असो.

विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. कुंतीला इंग्रजीत 'चायनीज बॉक्स' असंही एक नाव आहे. बारीक पान, दाट वाढ, कापणी सोसणारी, त्यामुळे आपल्याकडे नर्सरीत नावांची सरमिसळ होते. एकाच खोक्यात दोन प्रकार आले म्हणजे पाठवणाऱ्यालाही फरक ठाऊक नसावा. तुमचं नुकसान मात्र झालेलं नाही. दहाच्या दहा खरे बॉक्स निघाले असते आणि तुम्ही ते डिचोलीच्या जांभ्या मातीत, पागोळ्यांखाली लावले असते, तर आज मला वेगळं पत्र लिहावं लागलं असतं.

बॉक्स कुठला गडी ते बघा. युरोपातला, चुनखडीच्या उतारांवर वाढणारा. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात एका टेकडीचं नावच बॉक्स हिल आहे. खडूसारखी पांढरी जमीन आणि तिच्यावर रानटी बॉक्सची झाडं. तेव्हा व्हिडिओवाला खोटं बोलला नाही, बॉक्सला चुना चालतो. वाढ इतकी सावकाश की वर्षाला चार बोटं वाढला तरी बरा म्हणायचं. म्हणूनच लाकूड इतकं घट्ट होतं की पाण्यात टाकलं तर बुडतं. फण्या, बासऱ्या, बुद्धिबळातल्या सोंगट्या त्याच्याच करत. पोर्तुगीज त्याला 'बूशू' म्हणतात आणि त्यांच्या उत्तरेकडच्या जुन्या बागांमधून त्याच्या कापलेल्या ओळी दिसतात. थंड हवा, मोजका पाऊस आणि निचऱ्याची जमीन, एवढं मिळालं की तो शंभर वर्षं बसून राहतो.

आपल्याकडे यातलं काय आहे? स्विंडनला वर्षभरात जेवढा पाऊस होतो त्याहून जास्त आपल्याकडे एकट्या जुलैत पडतो.

आता त्या जूनच्या पहिल्या शनिवाराचं. तो सल्ला देणारे शेजारी जाणकार असणार. तिकडे घोड्यांच्या डर्बी शर्यतीच्या सुमारास बॉक्स कापायची जुनी रीत आहे आणि तिला कारण आहे. कापल्यावर जी कोवळी पालवी फुटते ती उशिराच्या हिमकणांनी करपू नये म्हणून थंडीचा शेवटचा फटका जाईपर्यंत थांबायचं, आणि पुढे उन्हाळा लांबलचक असतो म्हणून पालवी पिकायला वेळ मिळतो. म्हणजे त्यांचा जून ही उन्हाळ्याची सुरुवात. आपला जून म्हणजे मृग. तुमच्या मिस्टरांनी कातर ठेवली आणि दोन दिवसांत त्या शे-दीडशे उघड्या जखमांवर जे पाणी पडायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. टोकं काळी झाली नसती तरच नवल. सल्ला बरोबर होता, तो फक्त विमानातून इथे यायला नको होता.

यात मला हसायचा अधिकार नाही. फोंड्याला आमच्या घरापुढे कुंतीचं कुंपण आहे, पंचवीसेक फुटांचं. काही वर्षांपूर्वी सांजांवच्या (24 जूनच्या सणाच्या) आदल्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून मी भाड्याने मशीन आणवलं आणि अर्ध्या तासात सगळं सपाट करून घेतलं. मशीन चालवणारा पोरगा खुशीत, मी खुशीत. ऑगस्टमध्ये कुंपणाचा वरचा भाग भाकरीसारखा पसरला आणि खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या. बायको म्हणाली, झाडाला लुंगी नेसवायची राहिली. ते भरून यायला दोन वर्षं लागली. का, ते पुढे सांगतो.

आधी आत्ताचं. तुमच्या पाकिटात दोन तऱ्हेच्या पिवळ्या पानुल्या आहेत आणि दोघींची दुखणी निराळी. पहिली कोवळी आहे, पिवळी पडलीय पण शिरा हिरव्याच, जाळी काढल्यासारख्या. हे चुन्याचं काम. चुना जास्त झाला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. आपल्या तांबड्या मातीत लोहाला काय तोटा! पण भरल्या ताटावर बसून उपाशी अशी झाडाची गत. दुसरी पानुली जून आहे, सबंध पिवळी, देठाशी सैल. ती खालच्या फांदीची असणार. तिथे मुळं पाण्यात बुडली आहेत. वृंदावनाच्या चौथऱ्याला लागून तुम्ही रोपं लावलीत. चौथऱ्यावरून ओघळणारं पाणी, तुळशीला रोज घातलेला तांब्या आणि वरून पाऊस, सगळं त्याच वीतभर पट्ट्यात मुरतं.

दोन्ही दुखण्यांवर एकच उपाय आहे आणि तो पावसातच करता येतो. रोपं तिथून उचला.

घाबरू नका. दिवाळीनंतर लावलेली रोपं आहेत, मुळं अजून फार लांब गेलेली नाहीत. आधी नवीन खड्डे तयार करा, मग एक-एक करून हलवा. चौथरा तीन फुटांचा असेल असं धरतो. त्याच्या कडेपासून अडीच फूट सोडून नवा गोल आखा. सुंभाचा सैलसर फास वृंदावनाच्या बुंध्याला घाला, दुसऱ्या टोकाला खुंटी बांधा आणि दोरी ताणून फिरत जा, गोल आपोआप निघेल. पुढच्या बाजूला, जिथून दिवा लावायला जाता तिथे, चार फूट मोकळे ठेवा. उरलेल्या वळणात सव्वादोन फुटांवर एक असं केलं तर तुमची दहा रोपं बरोबर बसतील. सुरुवातीला विरळ वाटतील. कुंती दोन-तीन पावसांत हात मिळवते, नवी विकत घेऊ नका.

तुम्ही विचाराल, एवढी जागा कशाला? तुळशीच्या लग्नाला काय करता ते आठवा. ऊस उभे करायचे, दिंड्याच्या काठ्या, आवळ्या-चिंचेची डहाळी, वर मांडव, आणि अख्खं घर भोवती दाटीवाटीने उभं. वीतभर अंतरावरच्या कुंपणात भटजींनी पाय कुठे ठेवायचा? शिवाय तुळशीला सकाळचं ऊन हवं. कुंती मोकळी सोडली तर माणसाच्या डोक्यावर जाते, पार झाड होते. वृंदावनाभोवती तिला गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही, हे आजच ठरवून टाका.

ढगाळ पण रिमझिमीचा दिवस बघून संध्याकाळी हे काम करा. रोपाभोवती वीतभर सोडून कुदळीने गोल चर काढा आणि मातीच्या गड्ड्यासकट उचला. गड्ड्यावर चुन्याचे पांढरे खडे दिसतील तेवढे हलक्या हाताने खरवडून टाका, मुळं मोकळी करत बसू नका. नव्या खड्ड्यात जुनं कुजलेलं शेणखत आणि बागेतली माती निम्मी-निम्मी, तळाला चिऱ्याचे मूठभर तुकडे. रोप आधी होतं त्यापेक्षा दोन बोटं उंचावर बसवा म्हणजे खोडाशी पाणी साचणार नाही. वर सुपारीची सुकलेली झावळं तुकडे करून पसरा, खोडाला न टेकवता. पिवळेपणा नव्या पालवीतही दिसला तरच चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येतं अशा लोहाची) फवारणी करा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. बहुधा गरज पडणार नाही.

काळी टोकं सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, काढा. उघडीप असेल त्या दिवशी दुपारी, पानं कोरडी झाल्यावर. काळं संपून हिरवी साल लागेल तिथे, पानाच्या जरा वर, तिरका काप. चवथीसाठी एवढंच. पाहुणे मखर आणि गणपतीवर फळं-पानं टांगलेली माटोळी बघायला येतात, वृंदावनाभोवतीची रोपं थोडी केसाळ दिसली म्हणून कुणी नेवऱ्या परत करणार नाही.

मुडपलेली पालवी आणि पांढरे दोरे यांकडे मात्र काणाडोळा नको. हे लिंबावरच्या सिल्ला नावाच्या बारीक किडीचं काम. तिची पिल्लं कोवळ्या शेंड्याचा रस पितात आणि मेणचट पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा सोडतात. कुंतीला ती फार आवडते. कुंतीचं त्याने मोठंसं बिघडत नाही, पण हीच कीड लिंबाच्या जातीत हिरवेपणाचा रोग पसरवते. फळं वेडीवाकडी आणि कडू, फांद्या वाळत जातात, झाड हळूहळू जातं, आणि त्यावर औषध नाही. म्हणून विचारतो, मागच्या परसात लिंबू आहे का? माटोळीसाठी लावलेलं तोरंजन? असेल तर हे शेंडे आजच खुडा, पिशवीत घालून तोंड बांधा आणि पुरा किंवा जाळा. लिंबाच्या बुडाशी खत म्हणून टाकायचा मोह टाळा.

फवारणीचं एकच सांगतो. हे झाड तुळशीशेजारी आहे आणि तुळशीची पानं तीर्थात पडतात, मुलं तोंडात टाकतात. तिथे विषारी औषध नको. कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात पाच मिली आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, तुळस आधी कापडाने झाकून, उघडीप बघून संध्याकाळी. तेवढं पुरतं. डिचोलीत सुपारीवाले शेजारी असतील, ते प्रेमाने उरलेलं बोर्डो मिश्रण देऊ करतील. कोळेरोगावर ते नामी आहे, पण इथे घेऊ नका. त्यातही चुना आहे, आणि तुमच्या रोपांनी या जन्मापुरता चुना खाल्ला आहे.

आणखी एक. पानांवर हिरवी, जाडी, अंगावर डोळे रंगवल्यासारखी दिसणारी अळी सापडली तर तिला मारू नका. पुढे तिचं लिंबाचं फुलपाखरू होतं. अळ्या फारच झाल्या तर उचलून कढीपत्त्यावर सोडा, पानं तुमची आणि त्यांची अशी वाटणी होईल.

आता खरी कापणी. दसरा होऊ द्या, पाऊस निघून जाऊ द्या, सकाळी धुकं दिसायला लागू द्या. त्यानंतर, पण तुळशीच्या लग्नाच्या निदान आठ-दहा दिवस आधी, पहिली कापणी करा. दुसरी हलकी कापणी फेब्रुवारीत, शिमग्याच्या अलीकडे. तिसरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि ही महत्त्वाची, कारण पुढचे चार महिने कुंती पिसाटासारखी वाढणार. त्या वेळी नुसता वरचा आकार न देता आतल्या वाळक्या, एकमेकींना घासणाऱ्या काटक्या हात घालून काढा. आतून वारा खेळला पाहिजे. पावसात फक्त भरकटलेले शेंडे, तेही उघडिपीला. सांजांवला फुलापानांची कुपेलं डोक्यावर घालून विहिरीत उड्या मारा, कातरीला हात लावू नका.

पहिली दोन वर्षं गोल चेंडू वगैरे विसरा. रोप दीड फुटाचं आहे आणि त्याला आत्ताच घोटीव आकार दिला की वरून दाट, खालून उघडं होतं. आधी बुडाशी फांद्या फुटायला हव्यात. त्यासाठी प्रत्येक नवा शेंडा चार बोटं वाढला की त्याचं टोक नखाने खुडायचं. कातर नाही, नख. एका शेंड्याचे दोन होतात, दोनाचे चार. संध्याकाळी दिवा लावायला गेलात की पाच-सात शेंडे खुडून यायचे. हे काम सासूबाईंना द्या, बसल्या बसल्या होतं, आणि त्यांना झाडाची ओळख आहे.

तिसऱ्या वर्षापासून आकारासाठी कातर. माझी लुंगीची गोष्ट इथे कामाची आहे. कुंपण भाताच्या सूपासारखं वर रुंद, खाली निमुळतं कापलं की वरच्या पानांची सावली खालच्यांवर पडते आणि सावलीतली पानं झाड टाकून देतं. मशीन सरळ धरलंय असं वाटतं पण हात वर जाताना ते बाहेर झुकतं. म्हणून उलटं करायचं. बुडाला सव्वा फूट रुंद ठेवलंत तर माथ्याला पाऊण फूट. भात काढायची मूद ताटात उलटी केल्यावर जशी दिसते तसा कुंपणाचा छेद यायला हवा. बाजू आधी कापा, खालून वर, आणि माथा शेवटी. माथ्यासाठी दोन काठ्या रोवून सुतळी ताणा. डोळ्यांवर विसंबू नका, गोलाकारात डोळा हमखास फसतो. पुठ्ठ्यावर छेदाचा आकार कापून घेतला आणि तो धरून पुढे सरकत गेलं तर उत्तम. मी अजून तसंच करतो, शेजारी हसतात.

कातर धारदार हवी. बोथट कातरीने पान चिरडतं, कड तपकिरी पडते आणि आठवड्याने सगळं कुंपण गंजल्यासारखं दिसतं. दर चार-पाच रोपांनी पात्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवा. कापायला ऊन कलल्यावर बसा. दुपारच्या उन्हात कापलं तर आतली, सावलीत वाढलेली पानं एकदम उघडी पडून करपतात. खाली जुनं लुगडं अंथरा म्हणजे पाला गोळा करायचा त्रास नाही. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाला काढू नका. नंतर भरपूर पाणी आणि दोन पाट्या शेणखत.

आणि कातर लावण्याआधी काठीने कुंपण थोपटायला विसरू नका. एकदा मार्चमध्ये मी हात घातला आणि आतून बुलबुल फडफडत तोंडावर आला. वाटीएवढं घरटं, त्यात तीन गुलबट ठिपक्यांची अंडी. तेवढा भाग मी मेपर्यंत तसाच ठेवला, कुंपणाला एक टेंगूळ आल्यासारखं दिसत होतं. बुलबुल परवडला. कुळागर जवळ असेल तर हरणटोळ साप हिरव्या डहाळीसारखा पडून असतो आणि कधी विषारी चापडाही. तेव्हा आधी काठी, मग हात.

फुलांवरून घरात वाद आहे असं तुमच्या पत्रातून वाटतं. सासूबाईंना वास हवा, मिस्टरांना चेंडू हवा. दोन्ही एकाच झाडावर पुरं मिळत नाही, कारण कुंती नव्या फुटीच्या टोकाला फुलते आणि आपण नेमकं तेच कापतो. म्हणून माझं ऐकाल तर वृंदावनाभोवती नऊ रोपं कापा आणि दहावं सासूबाईंच्या खिडकीखाली नेऊन लावा. त्याला कातर दाखवायची नाही, वाळलेली काटकी मोडली तर मोडली. वळवाच्या एखाद्या सरीनंतर ते एका रात्रीत पांढरं होईल आणि सकाळी अंगणात सडा. वर्तुळात एक जागा रिकामी राहील, ती पुढच्या मोकळ्या वाटेत मिळवा. वाट सहा फुटांची झाली तर लग्नाच्या दिवशी कुणी तक्रार करणार नाही.

राहिले ते दोन खरे बॉक्स. ते जमिनीत लावू नका, एवढंच ठामपणे सांगतो. ज्यांच्या बागा बघून तुम्ही हे आणलंत तेच लोक आता बॉक्सला पर्याय शोधतायत. 1990च्या दशकाच्या मध्यापासून इंग्लंडात त्याच्यावर एक करपा आला, पानांवर काळपट डाग, डहाळीवर काळ्या रेघा आणि मग सगळी पानं भुईवर. पानं ओली राहिली की तो फोफावतो. पाठोपाठ 2007च्या सुमारास पूर्व आशियातून युरोपात एक पतंग पोचला, त्याच्या अळ्या अख्खं झुडूप जाळीसारखं करून टाकतात. तिकडे नव्या बागांत आता बॉक्सऐवजी बारीक पानांची दुसरीच झुडपं लावली जातात.

तुमच्या कुंड्या आधी पायऱ्यांवरून उचला, तिथे पन्हळीचं पाणी पडतं. सोप्यात आत घ्या, जिथे सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि वारा मिळेल पण पाऊस नाही. गळलेली पानं कुंडीतून वेचून काढा, आणि पानांवर डाग किंवा डहाळीवर काळ्या रेघा आहेत का ते बघा. असतील तर ती डहाळी कापून जाळा. पाणी वरून नको, बुडाशी, आणि तेही माती बोटभर खोल कोरडी लागल्यावर. दिवाळीनंतर माती बदला. निम्मी माती, पाव खत, पाव चिऱ्याचा भुगा किंवा जाड वाळू, आणि इथे मात्र चिमूटभर चुना चालेल. कापणी वर्षातून एकदा, डिसेंबरमध्ये, अगदी हलकी. कापलेला पाला गोठ्याकडे जाऊ देऊ नका, बॉक्स गुरांना विषारी आहे. मुलाची आठवण म्हणून ठेवताय, तेवढ्यापुरता तो चांगला. कुंपणाची अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

दोनांपैकी एकीची जवळजवळ सगळी पानं गेलीत असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, म्हणजे टाकून द्यायचा विचार चाललाय. खोडाची साल बुडापासून चार बोटांवर नखाने किंचित खरवडून बघा. आतून हिरवं, ओलसर निघालं तर कुंडी राहू द्या आणि जानेवारीपर्यंत वाट बघा. तपकिरी आणि कोरडं निघालं तर अजून खाली, मातीलगत एकदा बघा. तिथेही तसंच असेल तर कुंडी रिकामी करा, धुवा, दोन दिवस उन्हात उपडी ठेवा, ऊन मिळालं तर.